चेंडू हाताला लागला होता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या वाचकांच्या सदरात कारेलीबागेतल्या एका गृहस्थांचं ‘मैदानावरचं आमिष’ हे पत्र आलं होतं. मे महिन्यात एका चर्चच्या आवारात लहान मुलांचं खेळाचं शिबिर झालं. खेळ आटोपल्यावर मुलांना गोलात बसवून त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेतली आणि आईवडिलांना याची आधी कल्पना दिली नव्हती, अशी त्यांची तक्रार. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय की परदेशी जाणारे मिशनरीही हेच करतात. आधी चेंडू टाकतात, मग जाळं.

‘जाळं’ वाचून मला हसू आलं. मी तीन वर्षं ज्या नेटवर व्हॉलीबॉल शिकवला, ते खरोखरच मासे धरायचं जाळं होतं. व्हिक्टोरिया सरोवरावरच्या कोळ्यांनी फाटलं म्हणून टाकून दिलेलं. दोन निलगिरीच्या खांबांना बांधलं होतं आणि पाऊस पडून गेला की त्याला सुक्या बोंबलासारखा वास सुटायचा. सांगायचा मुद्दा असा की पत्रलेखक ज्यांच्याविषयी बोलतात त्यांतला एक मीच. केनियात चेंडू घेऊन गेलेला, चर्चनं पाठवलेला. त्यांची निम्मी तक्रार मला मान्य आहे, निम्मी नाही, आणि कुठली निम्मी ते सांगायला जरा जागा लागेल. कापाकापी करायची झाल्यास जरूर करा, पण चेंडू बोटाला लागल्याचा भाग तेवढा ठेवा.

मी मराठी, ख्रिस्ती आणि बडोदेकर, तिन्ही जन्मानंच. आमचं घराणं मूळ नगरकडचं. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, शाळा वाढल्या, मास्तर हवे झाले, तेव्हा आजोबा इकडे आले आणि दांडिया बाजाराच्या मागे दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. मी एका शाळेत सत्तावीस वर्षं पीटीचा सर होतो. आज रस्त्यात भेटणारे पोट सुटलेले बापे मला पाहून अजून ताठ उभे राहतात, तेवढीच माझी कमाई.

आठवीत असताना शेजारच्या पोरांबरोबर रावपुऱ्याकडच्या एका आखाड्यात मलखांब शिकायला जायचो. कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती होता. पोरं त्याला नमस्कार करून हौद्यात उतरायची. पहिल्या दिवशी मी दारातच अडकलो. मूर्तीपुढे वाकायचं नाही, असं आईनं बजावून पाठवलं होतं. वस्तादांनी दोन मिनिटं माझी चुळबूळ बघितली आणि म्हणाले, “तू मातीला हात लाव आणि ये आत. माती सगळ्यांची.” चार वर्षं गेलो तिथे. त्यांनी मला कधी मारुतीपुढे उभं केलं नाही, आणि कोनाड्यावर पडदाही ओढला नाही. शनिवारी नारळ फुटला की खोबऱ्याचा तुकडा माझ्याही तळहातावर पडायचा. मी खायचो. घरी सांगायचो नाही.

हे एवढ्यासाठी सांगतो की खेळाबरोबर श्रद्धा येते, ही काही मिशनऱ्यांनी काढलेली युक्ती नव्हे. आपल्याकडे तालमीत मारुती नसेल तर तालीम उघडी-बोडकी वाटते. याच गावात माणिकरावांनी आपल्या व्यायाममंदिराला आपल्या मुसलमान वस्तादाचं, जुम्मादादांचं, नाव दिलं आणि बडोद्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वडिलांचा धर्म मात्र क्रिकेट. विजय हजारे त्यांचं दैवत, आणि त्याला एक घरगुती कारण होतं. हजारे सांगलीचे, आमच्यासारखेच मराठी ख्रिस्ती, आणि खेळायचे बडोद्याकडून. त्या काळी मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मावर भरायची. हिंदूंचा संघ, मुसलमानांचा, पारशांचा, युरोपियनांचा, आणि जे कशातच बसत नाहीत त्यांचा ‘शेष’. हजारे त्या शेषांत. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात शेष संघाच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. वडील हा आकडा प्रार्थनेतल्या ओळीसारखा म्हणायचे. पण त्यांना त्याहून प्रिय होता मार्च १९४७ चा रणजी करंडकाचा अंतिम सामना, इथे बडोद्यातच झालेला, समोर इंदूरचा होळकर संघ. हजारे २८८, गुल महंमद ३१९, दोघांची भागीदारी ५७७ धावांची. गायकवाडांच्या संघासाठी एक ख्रिस्ती आणि एक मुसलमान दिवसच्या दिवस एकमेकांना हाकारे देत पळत होते, आणि पाच महिन्यांनी देश फुटायचा होता. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही एक कसोटी खेळले. वडील प्रेक्षकांत होते, अंगावर उसना कोट. आमच्या घरात हजाऱ्यांच्या श्रद्धेविषयी कुणी काही बोललेलं मला आठवत नाही, त्यांच्या बचावात्मक फटक्याविषयी मात्र जेवताना रोज.

असो. २००९ साली मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. वय बावन्न. मुलं मार्गी लागली होती. परदेशी सेवेसाठी माणसं पाठवणाऱ्या एका ख्रिस्ती समितीला व्हॉलीबॉल शिकवणारा माणूस हवा होता. बायको म्हणाली, गुडघे आहेत तोवर जाऊन या. ती सासूबाईंच्या आजारपणापायी मागे राहिली, आणि खरं मिशनरी काम कुणी केलं यावर आमच्यात अजून वाद आहे.

किसुमू शहरापासून तासाभरावर, कानोच्या सपाटीवर एका शाळेत मला ठेवलं. भात, ऊस आणि कपाशीच्या रानातली असते तशी काळी माती. डभोई-करजणकडची माती पाहिलेल्याला निराळं सांगायला नको. उन्हात भेगा, पावसात लोण्याचा गोळा. उत्तरेला नांदींच्या डोंगराची भिंत. सपाटीवर लुओ लोक, डोंगरावर नांदी. २००७ च्या डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर देशभर दंगली उसळल्या, हजाराहून जास्त माणसं मेली. किसुमूतली गुजराती दुकानंही लुटली-जाळली गेली. मी पोचलो तेव्हा दोन वर्षं होत आली होती, तरी काही भिंती काळ्याच होत्या.

आणि एक गंमत. मी ज्यांना ख्रिस्त सांगायला गेलो होतो ते गाव जवळजवळ सगळं आधीच ख्रिस्ती. अँग्लिकन, कॅथलिक, ॲडव्हेंटिस्ट, शिवाय पांढरे झगे घालून ढोल वाजवत जाणारी त्यांची स्वतःची चर्चेस निराळी. गंगेच्या काठी पाण्याची बाटली विकायला बसावं तसं माझं झालं. समितीला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण समितीकडे एक छापील तक्ता होता. दर महिन्याला भरून पाठवायचा. हजेरी किती, संदेश किती वेळा दिला, आणि शेवटचा रकाना: किती जणांनी ‘निर्णय घेतला’, म्हणजे ख्रिस्ताला स्वीकारायचं ठरवलं. या रकान्यानं माझी पहिली सात-आठ महिन्यांची झोप खाल्ली.

रकाना भरावा म्हणून मी नियम केला. आधी प्रार्थना आणि पंधरा मिनिटं बायबलमधलं वचन, मग चेंडू. जो पंधरा मिनिटं बसणार नाही त्याला त्या दिवशी खेळायला मिळणार नाही. चेंडू दोनच होते, जालंधरचे, इथून सामानात नेलेले, आणि आसपासच्या चार-पाच गावांत तसले चेंडू नव्हते. तेव्हा पोरं बसायची. डोळे मिटायची. मी एकदा माझे डोळे जरा किलकिले करून बघितलं तर चाळीसच्या चाळीस पोरांचे डोळे उघडे आणि सगळे माझ्या मांडीशेजारच्या पिशवीवर.

कारेलीबागेतल्या गृहस्थांची मला मान्य असलेली निम्मी तक्रार ती हीच. आपल्या राज्याच्या २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात बळजबरी, प्रलोभन आणि कपट हे तीन शब्द आहेत. कायदा कसा राबवला जातो यावर मी इथे बोलत नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय. पण शब्द म्हणून घ्याल तर चेंडूची ती पिशवी प्रलोभनच होती. कायद्याच्या हद्दीबाहेर हजारो मैलांवर होती म्हणून ती सोज्वळ ठरत नाही.

या बाबतीत थोरामोठ्यांचेही पाय घसरलेत. काश्मिरात टिंडल-बिस्को नावाचा इंग्रज मिशनरी १८९० साली आला. केंब्रिज विद्यापीठाच्या शर्यतीच्या नावेचा सुकाणू धरलेला गडी. पुढच्याच वर्षाच्या सुमाराला त्यानं श्रीनगरच्या आपल्या शाळेत फुटबॉल आणला. पंडितांच्या मुलांनी विचारलं, हा कशाचा? चामड्याचा म्हटल्यावर ती शिवायला तयार होईनात. साहेबानं मास्तरांच्या हाती काठ्या देऊन मुलांना मैदानावर हाकललं. चेंडू एकाच्या तोंडावर आदळला तेव्हा तो विटाळलो म्हणून रडू लागला, त्याला पाण्यावर नेऊन धुवून आणावं लागलं. पुढं त्याच मुलांना त्यानं पोहायला, वल्ही मारायला, आग लागली तर धावून जायला शिकवलं, आणि काश्मीर त्याचं नाव अजून आदरानं घेतं. त्याच्या हातून ख्रिस्ती झालेले मात्र मोजकेच. मला तो माणूस आवडतो. काठ्यांचं ते प्रकरण आवडत नाही.

आता चेंडूचा भाग.

सत्र संपताना शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा सामना ठेवला होता. सगळा गाव मैदानाकडेनं. मी शिक्षकांकडून, नेटवर. पोरं २४, आम्ही २३. त्यांच्यात एक डावखुरा होता, हाडांचा नुसता सापळा, पण मनगट असं की चेंडू हातातून सुटला की आवाज नंतर यायचा. त्यानं स्मॅश मारला. मी ब्लॉकला उडी घेतली. त्रेपन्नाव्या वर्षी उडी म्हणजे टाचा उचलणं. चेंडू माझ्या मधल्या बोटाच्या नखाला चाटून मागे गेला आणि रेषेबाहेर पडला. नखाला लागला की एक बारीक चटका बसतो, खेळणाऱ्याला तो कळतोच, बघणाऱ्याला नाही. पंच होते एक शिकाऊ मास्तर, माझ्या पाठीमागच्या बाजूला. त्यांनी ‘आऊट’ची खूण केली. पोरांनी ‘टच, टच’ म्हणून गिल्ला केला. डावखुऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. सुटलेली नव्हती.

२४-२४ झाले आणि आम्ही २६-२४ नं जिंकलो. शिक्षकांनी मला खांद्यावर घेतलं. कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा वाटल्या. व्हरांड्यातल्या फळ्यावर निकाल लिहिला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वचन सांगायची पाळी माझी. तारखेप्रमाणे आला होता येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला उतारा. शपथा वाहू नका, तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या, तो. मी झकास बोलत होतो. पीटीच्या सरांचा आवाज असतो मोठा. मध्येच डावखुऱ्यानं हात वर केला. तिकडं शिक्षकाला ‘म्वालिमू’ म्हणतात. म्हणाला, “म्वालिमू, काल चेंडू तुमच्या बोटाला लागला होता का?”

उद्धटपणा नव्हता त्यात. गणितात उत्तर ताडून बघावं तसं विचारलं. चाळीस पोरं गप्प. छपरावरच्या पत्र्यावर कावळ्याच्या नखांचा आवाज तेवढा येत होता. मी म्हणालो, “हो.” तो म्हणाला, “मग आम्ही जिंकलो.” मी म्हणालो, “हो. २५-२३.” आणि मग मला काय करावं सुचेना म्हणून उठून व्हरांड्यात गेलो आणि फळ्यावरचा निकाल धोतराच्या फडक्यानं पुसून नवा लिहिला. (धोतराचं फडकं म्हणजे वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा, घाम पुसायला न्यायचो.) माझ्या बाजूचे मास्तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, पंचांनी आऊट दिला तर तो आऊटच. खेळाच्या नियमानं ते बरोबरही होते.

याचा परिणाम म्हणून पोरं हरिश्चंद्राची अवतार झाली असं काही झालं नाही. तो डावखुरा स्वतः सर्व्हिस करताना रेषेवर पाय ठेवायचा आणि धरला की आकाशाकडे बघायचा. फरक पडला तो माझ्यात. त्या आठवड्यात मी नियम काढून टाकला. आधी चेंडू. खेळ संपला, अंधारून आलं की मी खांबापाशी बसून दहा मिनिटं वाचायचो, ज्याला थांबायचं तो थांबेल. पहिल्या दिवशी सहाजण थांबले. पुढे कधी अकरा, कधी चार. पाऊस असला की मी एकटाच. पण जे बसायचे ते विचारायचे. डोळे मिटून घेणाऱ्यांनी मला आधी कधी काही विचारलं नव्हतं. आणि मी नेटवर टाचा उचलल्या की मैदानाच्या कडेनं आरोळी यायची, “म्वालिमू, बोट!” हे मी परत येईपर्यंत चाललं.

कारेलीबागेतले गृहस्थ इथे विचारतील, मग ती दहा मिनिटं तरी कशाला? खेळ शिकवायचा तर खेळ शिकवा, धर्म घरी ठेवा. इथे मात्र माझं आणि त्यांचं पटणार नाही. मी घरदार सोडून तिथे गेलो तो ख्रिस्तावरच्या भावापोटी गेलो. पगार नव्हता, जेवणखाण आणि थोडा हातखर्च. लोक विचारायचे, का आलास? मी ‘खेळाची आवड’ असं सांगितलं असतं तर ते अर्धं खोटं झालं असतं, आणि त्या कायद्यातला तिसरा शब्द, कपट, तो मला तिथे लागू पडला असता. वस्तादांनी मारुतीवर पडदा ओढला नव्हता, मी का ओढावा?

शिवाय व्हॉलीबॉल या खेळाचं कूळ-मूळ बघायला गेलं तर तो १८९५ साली अमेरिकेत होलिओक गावच्या वायएमसीएत जन्मला, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेत. तिथल्या मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकानं पोक्त व्यापाऱ्यांना बास्केटबॉलची धावाधाव झेपत नाही म्हणून तो काढला. बास्केटबॉलही त्याच संघटनेच्या शाळेतला, १८९१ चा. काढणारा नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेला. पीच फळाच्या टोपल्या गच्चीच्या कठड्याला ठोकून खेळ सुरू केला. मद्रासला हॅरी बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि माझ्या पिढीतल्या कितीतरी पीटीच्या सरांचे गुरू तिथून शिकून आलेले. बडोद्याच्या प्रत्येक शाळेत हे दोन्ही खेळ चालतात. त्यामुळे कुणी ख्रिस्ती झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमचा संघ विभागीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. सामना शनिवारी दुपारी तीनला. संघातले तिघे ॲडव्हेंटिस्ट घरातले, त्यांचा शब्बाथ, म्हणजे देवासाठी राखलेला विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत. ते म्हणाले, खेळणार नाही. त्यांत आमचा बूस्टर होता, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उंच चढवून देणारा, आणि बूस्टरशिवाय संघ म्हणजे मिठाशिवाय भाजी. मी सायकल मारत त्याच्या घरी गेलो, बापाला समजवायला. बाप भाताच्या खाचरातून गुडघाभर चिखलानं वर आला. मला आधी जेवायला बसवलं. मक्याच्या पिठाची उगाली आणि तळलेला मासा. मग म्हणाला, बोला. मी बरंच बोललो. देव मनात बघतो, खेळ हीही सेवा, वगैरे. ऐकून घेतल्यावर त्यानं एकच विचारलं, “तुम्ही लोक रविवार पाळता ना? रविवारी तुम्ही खेळता?” मी म्हणालो, चर्चहून आलो की सराव घेतो. तो म्हणाला, “तुमचा दिवस तुम्हाला जड नाही, आमचा आम्हाला आहे.” झालं. हात धुवायला पाणी आणून दिलं.

परत येताना मला एरिक लिडेल आठवला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी म्हणून न धावलेला स्कॉटिश धावपटू. चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. पुढच्याच वर्षी चीनला मिशनरी म्हणून गेला. तिथेच मिशनऱ्यांच्या घरी जन्मलेला होता. आम्हा ख्रिस्ती पोरांना रविवारच्या शाळेत ही गोष्ट इतकी पाजलेली असते की तिची चव गेलेली असते. पण तिचा शेवट फार जण सांगत नाहीत. युद्धात जपान्यांनी त्याला वेहसिएनच्या छावणीत डांबलं. तिथल्या कोंडलेल्या मुलांसाठी तो खेळ घ्यायचा, रविवार सोडून. मग एका रविवारी मुलं आपली आपण हॉकी खेळली, पंच नाही म्हणून मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडेल शिट्टी घेऊन मैदानावर हजर. ज्या नियमापायी ऑलिंपिकची शर्यत सोडली तो पोरांची डोकी फुटू नयेत म्हणून मोडला. १९४५ च्या फेब्रुवारीत मेंदूतल्या गाठीनं तो छावणीतच गेला. पॅरिसमधला लिडेल सगळ्यांचा. मला छावणीतला जवळचा वाटतो.

मात्र यातून मी त्या बापाला काय सांगणार होतो? त्याच्या पोराचं डोकं काही फुटत नव्हतं, फुटत होती माझी ढाल. आम्ही तिघांशिवाय खेळलो आणि सरळ सेटमध्ये हरलो. तिकडे विषुववृत्त जवळ, वर्षभर सूर्य पावणेसातच्या आतबाहेर मावळतो. आम्ही अंधारात जाळं गुंडाळत होतो तेव्हा एका सायकलवरून तिघे आले. खांब उचलायला. निकाल विचारला, सांगितला. बूस्टर म्हणाला, “दुसरा पास कोण देत होता?” मी नाव सांगितलं. तो ‘अरेरे’ अशा अर्थाचं काहीतरी लुओत म्हणाला आणि खांबाचं जड टोक त्यानं घेतलं.

नांदींच्या मुलांशी आमचे सामने झाले ते मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं कर्तृत्व कमी. दंगलीनंतर डोंगरावरची आणि सपाटीवरची पोरं एकमेकांच्या गावात जात नव्हती. दोन्हीकडच्या पाद्र्यांनी आणि एका पोलीस अधिकाऱ्यानं मिळून ते जमवलं. पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंचे बाप दगड जवळ ठेवून बसले होते. दुसऱ्यात नव्हते. मला खो-खो शिकवायची हौस आली तीही तिथेच. खेळाला सामान लागत नाही, दोन खांब होतेच. पण पाठीला हात लावून ‘खो’ म्हणायचं आणि आपण त्याच्या जागी बसायचं, हे पोरांना पटेना. पळायचं सोडून बसायचं कशाला? नांदी म्हणजे धावणाऱ्यांची जात. बसायला कुणी तयार होईना आणि आमचा खो-खो दोन दिवसांत आटोपला.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये, निघायला महिना असताना, किसुमूतल्या एका पटेलकाकांच्या दुकानात रात्री दहाच्या सुमाराला आम्ही तीस-चाळीस माणसं टीव्हीपुढे उभी होतो. लंडन ऑलिंपिक, आठशे मीटर. डेव्हिड रुडिशानं पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत पुढे राहून १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याचा प्रशिक्षक ब्रदर कोल्म ओ’कॉनेल हा आयरिश कॅथलिक मिशनरी. १९७६ साली इटेनच्या शाळेत भूगोल शिकवायला आला, धावण्याचं स्वतःला ओ की ठो येत नव्हतं, पोरांकडे बघत बघत शिकला आणि तिथेच राहिला. पटेलकाकांनी सगळ्यांना चेवडा वाटला, दंगलीत ज्यांनी त्यांचं दुकान फोडलं असेल त्यांच्यापैकीही काहींना बहुधा. मी विचारलं तर म्हणाले, “भाई, हिशोब कोण ठेवतो?”

मी ठेवत होतो. समितीच्या तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात मी नियम मोडल्यापासून दर महिन्याला शून्य लिहीत आलो. एका महिन्यात चिडून ‘पंक्चर’ असा नवा रकाना आखला आणि त्यात सतरा लिहिले. बाभळीच्या काट्यांनी चेंडू फुटायचे आणि सायकलवाला ते ठिगळ लावून द्यायचा. समितीकडून पत्र आलं की आपल्या कामाचं फळ दिसत नाही, मुदत वाढवता येणार नाही. राग आला होता. अजून थोडा आहे.

आता इथलं. त्या शिबिराच्या आयोजकांना मी ओळखतो, माणसं भली आहेत, पण आईवडिलांना न सांगता प्रार्थना म्हणवून घेतली असेल तर ते चुकलं. प्रवेशाच्या कागदावर स्वच्छ लिहा: खेळ सात ते साडेआठ, साडेआठनंतर दहा मिनिटं बायबल वाचन, ज्याला घरी जायचं त्यानं जावं, आणि जाणाऱ्यालाही लिंबू सरबत मिळेल. सरबताचं मुद्दाम लिहा. मुलं सरबतासाठी थांबतात, मला ठाऊक आहे. आणि वाचणाऱ्यानं आधी स्वतःचं बोट तपासावं.

कारेलीबागेतल्या गृहस्थांना माझी एक विनंती आहे. फत्तेगंजच्या बाजूला आम्ही काही निवृत्त मंडळी आणि आसपासची पोरं सकाळी साडेसहाला नेट लावतो. चर्चची जागा नाही, मोकळं मैदान आहे. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे आहेत. खेळानंतर मी कुणाला काही वाचून दाखवत नाही, कारण मंडळींना सेव-उसळ खायला जायची घाई असते. कुणी विचारलं तर सांगतो. पत्रावरून त्यांचं वय साठच्या घरातलं वाटतं आणि ‘आम्हीही कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलो आहोत’ असं एक वाक्य त्यात आहे. त्यांनी यावं. बूट घालून यावं, मैदानात गोखरू फार झालेत. गेल्या महिन्यापासून आमच्या बाजूला पाचच गडी आहेत.

आपला,
एक निवृत्त व्यायामशिक्षक
फत्तेगंज, बडोदे

(नाव छापू नये ही विनंती. जुने विद्यार्थी वाचतील आणि त्या २६-२४ बद्दल विचारत बसतील.)